दोन ओळींची बातमी

महोदय,

उदगीर भागातील एका वृद्ध पशुपालकाच्या निधनाची दोन ओळींची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘प्रगतशील शेतकरी’ एवढ्यावर त्यांची बोळवण झाली, हे खटकले. देवणी गोवंशातील वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे प्रकार अंगावरच्या आणि तोंडावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून नेमके सांगणारी माणसे आता विरळ झाली आहेत; ते त्यांतलेच एक होते. १९७२च्या दुष्काळात कडबा मिळेना, तरी त्यांनी दावणीची जातिवंत गाय विकली नाही. पुढे लेकींची लग्ने त्याच गोठ्याच्या जिवावर झाली. (आंदण म्हणून कालवडच मिळे!) पुढाऱ्यांसाठी पानभर जागा काढता, तशी थोडी यांच्यासाठीही काढावी. वळू निवडण्याची त्यांची रीत थोरल्या मुलाला ठाऊक आहे. तो गोठ्यावरच भेटतो.

– एक वाचक, देवणी (जि. लातूर)