हुकलेले ईस्टर बेट: प्रवाशाचे तक्रार पत्र

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा

विषय: ईस्टर बेटाचा थांबा रद्द झाल्यावर प्रवाशांना माहिती, लेखी दाखला आणि योग्य परतावा न मिळाल्याबाबत.

महोदय/महोदया,

दक्षिण अमेरिका आणि पॅसिफिकच्या आपल्या ६८ दिवसांच्या सफरीवर मी आणि माझे थोरले भाऊ असे दोघे होतो. ईस्टर बेट हुकल्याला आता सात आठवडे झाले. तेव्हापासून मी जहाजावरच्या काउंटरकडे आणि तुमच्या कार्यालयाकडे खेपा घालते आहे, पण सरळ उत्तर अजून मिळालेले नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

एक गोष्ट आधीच सांगते. थांबा रद्द करण्याच्या कप्तानांच्या निर्णयाला माझा आक्षेप नाही. समुद्रातील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने, म्हणजे सोलासने, हा अधिकार कप्तानांना दिलेला आहे आणि त्यात कंपनीलाही आडकाठी करता येत नाही. तसेच असायला हवे. माझी तक्रार आहे ती त्यानंतर तुम्ही आम्हाला कसे वागवलेत, त्याबद्दल.

चिलीचा किनारा सोडल्यावर पाच दिवस नुसते पाणी होते. दादा भूगोलाचे शिक्षक. नोकरीची ३४ वर्षे त्यांनी फळ्यावर पॅसिफिकच्या मधोमध एक ठिपका काढून मुलांना सांगितले की मुख्य भूमीपासून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब इथे माणसे राहतात, आणि त्यांच्या पूर्वजांनी दगडातून मोआई, म्हणजे माणसांचे प्रचंड पुतळे, उभे केले. ही सफर आम्ही निवडली ती त्या ठिपक्यासाठी. तुमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरही मोआईच आहेत.

त्या दिवशी पहाटे पाचपासून दादा डेकवर होते. जहाज हांगा रोआ या बेटावरच्या गावासमोर उभे राहिले. मोठी जहाजे लागतील असा धक्का तिथे नाही, टेंडर बोटीने, म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या लहान बोटीने, जावे लागते. सात वाजता आम्हाला थिएटरमध्ये बसवले आणि शर्टावर नंबराचे स्टिकर लावले. आमचा नंबर १४. आठ वाजले, नऊ वाजले. बाहेर जायचे नाही, कारण नंबर कधीही पुकारतील. पाणी हवे का, तेही कुणी विचारले नाही. अकराला दहा मिनिटे कमी असताना घोषणा झाली: समुद्राच्या स्थितीमुळे आजचा थांबा रद्द, गैरसोयीबद्दल क्षमस्व. बस, एवढेच. चार तास बसवून दोन वाक्ये.

बाहेर आलो तर लख्ख ऊन, वारा जवळजवळ नाही. वरच्या डेकवरून पाणी सपाट दिसत होते. साहजिकच लोक भडकले. कुणी म्हणाले बंदराचे पैसे वाचवायचे असतील, कुणी म्हणाले इंधन. तुम्ही काही सांगितले नाहीत म्हणून दुपारपर्यंत जहाजभर अफवाच चालल्या होत्या. खरे कारण आम्हाला कळले ते संध्याकाळी, टेंडर बोटींवर काम करणाऱ्या एका तरुण खलाशाकडून, तेही आम्ही विचारले म्हणून. त्याने हाताने दाखवले. लांबच्या कुठल्या तरी वादळातून निघालेला स्वेल, म्हणजे लांब, संथ लाटा, शेकडो मैल चालून येतो, त्याला इथला वारा लागत नाही. दहाव्या डेकवरून तो दिसतही नाही. पण खाली पाण्यालगतच्या फलाटाशी बोट माणसाच्या उंचीइतकी वरखाली होत होती. पाऊल टाकायला आणि बोट खाली जायला एकच गाठ पडली तर पाय चिरडतो. दादांनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मग बरोबरच केलं त्यांनी." दिवसभराचा त्यांचा राग तिथे निवळला. हीच पाच मिनिटांची माहिती सकाळी नऊ वाजता ध्वनिक्षेपकावरून का देता आली नाही?

जहाज वळायच्या आधी दादांनी दुर्बीण लावली होती. किनाऱ्यावर ताहाईचे मोआई दिसत होते, बोटाच्या पेराएवढे. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाठ आहे गं." मोआई बहुतेक सगळे बेटाकडे तोंड करून उभे असतात, समुद्रावरून त्यांची पाठच दिसते. हे त्यांना माहीत होते, वर्गात शेकडो वेळा सांगितले होते. स्टिकर त्यांनी रात्री झोपताना काढला.

उतरणे जमणार नव्हते हे मान्य. पण बेट लांबीला जेमतेम २४ किलोमीटर. त्याला एक फेरी मारली असती तर आग्नेय किनाऱ्यावर टोंगारिकीचे १५ मोआई ओळीने दिसले असते. १९६० च्या त्सुनामीने आत फेकले गेलेले, १९९० च्या दशकात पुन्हा उभारलेले. उत्तरेला अनाकेना आहे, तिथेही जहाजे नांगर टाकतात. तिथला समुद्र पाहिला का, हे मी काउंटरवर दोनदा विचारले. उत्तर नाही. वेळ नव्हता म्हणावे, तर पुढचे बेट पिटकेर्न सुमारे दोन हजार किलोमीटरवर, आणि तिथे आपण ठरल्या वेळेच्या सात तास आधी पोचून नुसते तरंगत होतो. जहाजावर पॉलिनेशियाच्या इतिहासाचे व्याख्याते होते. त्यांना दुपारी दीड तास दिला असता तर थिएटर भरले असते. तुम्ही बिंगो ठेवलात.

पिटकेर्नचे उदाहरण मुद्दाम देते. तिथे कुणी उतरणार नाही, बेटावरचे लोकच होड्यांतून जहाजावर येतील, हे पत्रकात स्वच्छ छापले होते. म्हणून त्या दिवशी कुणी नाराज झाले नाही. माणसे बेटावरच्या लोकांशी दिवसभर बोलत बसली. ईस्टर बेटाच्या पानावर मात्र टेंडर हा शब्दही नाही. रानो राराकूच्या खाणीत खडकालाच चिकटून राहिलेल्या, सुमारे २१ मीटरच्या अर्धवट मोआईचे वर्णन आहे, आणि बदलाचा अधिकार राखून ठेवल्याचे कलम मागे करारात, बारीक टाइपात. समुद्र मोकळा असेल तरच उतरता येते हे आधी कळले असते तर आम्ही तरीही आलो असतो, पण मनाची तयारी करून आलो असतो.

आता पैशांचे. तुमची बेटावरची सहल घेतलेल्यांना परतावा मिळाला तो जहाजावरच खर्च करायच्या जमा रकमेत. त्यांनी कार्डाने पैसे भरले होते, ते कार्डावरच यायला हवेत. बंदर शुल्क म्हणून एक आकडा खात्यात दिसतो, त्याचा हिशेब कुठेही नाही. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे दाखला. दादांच्या गुडघ्यामुळे मोठ्या गटाबरोबर चालणे जमत नाही, म्हणून त्या दिवसापुरता आम्ही बेटावरचा वेगळा गाइड ठरवला होता. तो आगाऊ रकमेतून काही परत द्यायला तयार आहे. आमच्या प्रवास विम्यातही बंदर हुकल्याची भरपाई आहे. दोघांनाही हवा आहे फक्त एक कागद: अमुक तारखेला जहाज बेटाला लागले नाही, कारण अमुक. जहाजावर सांगितले मुख्य कार्यालयाला लिहा. कार्यालयाने तीन ईमेलांना उत्तर दिले की जहाजावर विचारा. एका ओळीच्या कागदासाठी ७१ वर्षांच्या माणसाला सात आठवडे फिरवणे मला अजिबात पटत नाही.

हा दाखला, बंदर शुल्काचा तपशील आणि सहल घेतलेल्यांचे पैसे त्यांच्या कार्डावर, एवढे मला हवे आहे. त्याशिवाय पुढच्या पत्रकात प्रत्येक टेंडर बंदरासमोर तसे ठळक छापा, आणि ईस्टर बेटावर गेल्या पाच वर्षांत तुमची जहाजे किती वेळा गेली आणि किती वेळा प्रवासी प्रत्यक्ष उतरले, हेही छापा. नोंदी तुमच्याकडे आहेत.

विमा दाव्याची मुदत २३ दिवसांनी संपते. दाखला त्याआधी हातात पडायला हवा.

आपली,
दहाव्या डेकवरील एक प्रवासी

सोबत: आरक्षणाची प्रत, गाइडची पावती, तीन ईमेल व त्यांची उत्तरे, स्टिकर क्र. १४ चा फोटो (मूळ स्टिकर दादांकडे आहे)