सुध्या, तुझ्या दाताची माफी मागायची होती

लातूर, रविवार रात्र

सुध्या,
सात महिने तुझा फोन उचलला नाही, घाल शिव्या. मी बरा आहे, पाठ सोडली तर.

अण्णांचं सांगायचंय. वर्षभर पाय आपटत चालायलेत, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, मधीच पायात वीज चमकल्यासारखी कळ. सगळे म्हणले शुगर, शुगर तर नॉर्मल, तरी बी-१२ च्या सुया टोचल्या. मग एका मॅडमनी डोळ्यात टॉर्च मारला, बाहुली हललीच नाही, बोट नाकाजवळ आणलं की मात्र बारीक झाली. लगेच व्हीडीआरएल लिहून दिली, गुप्तरोगाची रक्ततपासणी. निगेटिव्ह! मी सुटलो म्हणलं, तर म्हणल्या जुन्या आजारात ती निगेटिव्ह येते, त्याचीच दुसरी तपासणी, टीपीएचए, करा. ती पॉझिटिव्ह. पण ती औषध घेतल्यावरही बहुतेकांची जन्मभर तशीच राहते म्हणं, म्हणून पाठीतलं पाणी काढलं. पाण्याची व्हीडीआरएल पण निगेटिव्ह, मी परत येड्यासारखा खूश. मॅडम म्हणल्या ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं, निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही. पाण्यात पांढऱ्या पेशी ५ च्या आत पाहिजेत, अण्णांच्या ३८, प्रोटीन पण वाढलेलं. एचआयव्ही नाही, तेवढं बरं.

सिफिलिस रे. मणक्यात गेलेला, कैक वर्षांपूर्वीचा.

बारावीला तू म्हणलास, मोंढ्याच्या मागच्या लॉजच्या जिन्यात अण्णा दिसले, अन् मी तुझा दात पाडला. दाताचे पैसे देतो, पण व्याज मागू नको, मारवाड्यासारखं करतोस तू (कॅरमचे ४० रुपये अजून तुझ्याकडेच आहेत).

आता पेनिसिलिन, दर ४ तासाला, १४ दिवस. पाय पहिल्यासारखे होतील असं नाही. अण्णा भिंतीकडं तोंड करून पडतात, काल एवढंच विचारलं, "तुह्या मायला सांगितलंस का?"

तेच तर. मॅडम म्हणल्या आईचं पण रक्त तपासा. सुध्या, माझ्या पाठची दोन पोटातच गेली, तुला माहीत आहे, आई तुळजापूरला अनवाणी जायची, आजी तिलाच पांढऱ्या पायाची म्हणायची. ते ह्याच्यामुळंच का, मॅडमना विचारलं तर होऊ शकतं म्हणल्या, आता सांगता येणार नाही. मग लॉज तर फार नंतरचं की रे.

उद्या सकाळी आईला घेऊन जायचंय. शुगर म्हणून नेऊ म्हणलं तर मॅडम चिडल्या, खरं सांगून न्या म्हणल्या. कसं सांगू? अण्णांनी सांगावं, तर ते तोंड फिरवतात.

वैनीची बदली झाली का? पोरगं नीटला बसलंय ना, लातूरला पाठव, खोली मी बघतो.

आई नऊला झोपते. त्यानंतर फोन कर, उचलतो.

तुझा,
बाळ्या