धर्मप्रांताचा मेळावा आणि पंगतीतली जागा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्याचे छायाचित्र दर नाताळात पुण्याच्या वृत्तपत्रांत येते, आणि ते पाहून आम्हां ख्रिस्ती मंडळींना आनंदच होतो. पण त्या मनोऱ्याच्या सावलीत वर्षभर जे सामूहिक जीवन चालते, त्याविषयी आपल्या वाचकांना फारसे वाचायला मिळत नाही. त्या जीवनातली एक गोष्ट, म्हणजे आमच्या मेळाव्यांत साध्या सभासदांना मिळणारी वागणूक, अलीकडे मला फार अस्वस्थ करते आहे. ती मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, चार भिंतींत बोलून झाली. आता आपल्या स्तंभातून मांडावी, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. मी पंचहौदाच्या परिसरात, म्हणजे याच देवालयाच्या अवतीभवती, वाढले, शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांना गाणी शिकवण्यात माझे निम्मे आयुष्य गेले, एवढी ओळख पुरे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारताची मंडळी, या संस्थेत मोडते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन ती स्थापन झाली, आणि त्यासाठीची बोलणी १९२९ पासून, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, चालली होती. त्यांत इंग्लंडच्या परंपरेतले अँग्लिकन होते, ज्यांच्याकडे बिशप ही जागा पूर्वापार होती. आणि नगर भागात अमेरिकन मराठी मिशनने उभ्या केलेल्या मंडळ्यांसारख्या मंडळ्याही होत्या, ज्यांच्याकडे बिशप नव्हता आणि बहुतेक निर्णय सभासद एकत्र बसून घेत. १९७० मध्ये दोघांनीही काही सोडले आणि काही स्वीकारले. बिशपपद राहिले, पण ते घटनेने बांधलेले आणि निवडून दिलेले. धर्मप्रांताची परिषद राहिली, पण तिच्यात पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, जोडीला साध्या सभासदांचे प्रतिनिधीही बसू लागले. बिशप या शब्दाचा मुळातला अर्थ देखरेख करणारा असा आहे, आणि आपल्या मराठी बायबलात त्यासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द वापरलेला आहे. ज्याची देखरेख करायची तो धर्मप्रांत म्हणजे केवळ इमारती आणि कार्यालय नव्हे. शहरातल्या मोठ्या मंडळीपासून तालुक्यातल्या वीस घरांच्या मंडळीपर्यंत सगळी माणसे मिळून तो होतो. ही माणसे एरवी एकमेकांना भेटत नाहीत. ती भेटतात मेळाव्यात, आणि म्हणूनच मेळावा कसा भरवला जातो याला मी इतके महत्त्व देते.

काही काळापूर्वी मी अशाच एका मेळाव्याला गेले होते. कोणत्या मंडळीने तो भरवला होता हे सांगण्यात काही हशील नाही. जे घडले ते अनेक ठिकाणी घडते. माझ्या मागच्या रांगेत एका खेड्यातल्या सात बायका बसल्या होत्या. पहाटेच्या एसटीने त्या आल्या होत्या. चादरीत गुंडाळलेली हार्मोनियमची पेटी त्यांनी दोघींच्या मध्ये खुर्चीवर, एखाद्या लेकराला बसवावे तशी, बसवली होती, आणि एकीच्या मांडीवर टाळ होते. महिनाभर त्यांनी एका भजनाची तयारी केली होती, हे मला त्यांच्यातल्या एका आजींनी सांगितले. सकाळची उपासना झाली, आणि मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, दोन शब्द. पुन्हा शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. पाहुण्यांनंतर समितीचे सदस्य, सदस्यांनंतर मंडप आणि ध्वनिक्षेपक पुरवणारे. मधल्या सुट्टीत पाहुण्यांसाठी वेगळ्या कनातीत टेबलांवर जेवण होते, आणि बाकीच्यांना पुरीभाजीची पाकिटे वाटली गेली. दुपारी तीन वाजून गेले तेव्हा त्या बायकांचे नाव पुकारण्यात आले, आणि वेळ कमी असल्याने एकच कडवे घ्यावे, असे निवेदकाने सांगितले. त्यांनी एक कडवे गायले. पेटी पुन्हा चादरीत बांधली. परतीची गाडी चुकू नये म्हणून आशीर्वादाच्या आधीच त्या निघाल्या; न उघडलेली पाकिटे त्यांच्या पिशवीत होती. आजी मला म्हणाल्या, “बाई, गावाकडं सगळं गाणं म्हणू परत.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कार्यक्रमात असे थोडेफार व्हायचेच. मला ते मान्य नाही. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौलाने ज्या गोष्टीबद्दल त्या लोकांना खडसावले आहे ती हीच आहे: तुम्ही एकत्र जमता, पण एक जण पोटभर जेवतो आणि दुसरा उपाशी राहतो, मग हे प्रभूचे भोजन कसे म्हणावे? प्रभुभोजनाविषयीची जी वचने आमच्या प्रत्येक मंडळीत वाचली जातात, ती याच खडसावणीच्या पाठोपाठ येतात. म्हणजे वेदीवरची भाकर आणि मंडपातली पंगत या दोन गोष्टी पौलाला वेगळ्या काढता आल्या नाहीत. आम्हांलाही त्या वेगळ्या काढण्याचा अधिकार नाही.

पंगतीचे मोल पुण्याला तरी वेगळे सांगावे लागू नये. १८९० साली याच पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी प्यायले, कोणी नुसता पेला हातात घेतला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ या पत्रातून प्रसिद्ध केली, आणि मिशनमध्ये घेतलेल्या एका चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले; प्रकरण शंकराचार्यांकडे गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. आपल्या शहराने एका पेल्याच्या चहाचा इतका विचार केला, कारण कोण कोणाबरोबर खातो-पितो यावर माणसांचे नाते ठरते हे चहा घेणाऱ्यांना आणि आक्षेप घेणाऱ्यांना, दोघांनाही पक्के ठाऊक होते. आज त्याच परिसरात रविवारची उपासना संपल्यावर अंगणात चहा होतो तेव्हा शेजारचा कोणी सहज येऊन उभा राहतो, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. हे आपण सर्वांनी मिळून कमावलेले आहे. मग आमच्या आमच्यातच पाहुण्यांची कनात आणि इतरांची पाकिटे अशी वाटणी कशासाठी?

यावर उपाय शोधायला दूर जावे लागत नाही, कारण आमच्याकडे सुगीचा सण आहे, ज्याला घरोघरी आम्ही हार्वेस्टच म्हणतो. पावसाळा सरला की मंडळीतले प्रत्येक कुटुंब आपल्या कमाईतला पहिला वाटा देवालयात आणते. खेड्यात तो बाजरी, भुईमूग, कोंबडी असा असतो, तर शहरात फळांची टोपली, घरचा चिवडा, कोणी विणलेला स्वेटर, कोणाच्या कुंडीतली तुळशीएवढी मिरची. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो आणि आलेले पैसे मंडळीच्या कामाला जातात. माझ्या डोळ्यांपुढे अजून एक भोपळा आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करणाऱ्या एका काकांनी तो लिलावात घेतला, खांद्यावर उचलला, सगळ्यांना दाखवला आणि मंडळीला परत दिला. पुन्हा बोली लागली. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी तो घेतला आणि त्यांनीही परत दिला. असा तो भोपळा चार वेळा विकला गेला, आणि दर वेळी “एक वार, दोन वार” म्हणताना लिलाव पुकारणाऱ्या पंचांचा आवाज अधिक चढत होता. शेवटी तो ज्यांच्याकडे गेला त्यांनी तो तिथेच चिरायला लावला, आणि संध्याकाळच्या प्रीतिभोजनात त्याची भाजी झाली. बिशपसाहेब त्या दिवशी आले होते. ते आमच्याच ओळीत, सतरंजीवर, माझ्या वडिलांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या पानातही तीच भाजी होती.

आता हे सोपे राहिले नाही, हे मला कळते. पेठेत आणि कॅम्पात राहणारी कुटुंबे हडपसर, वडगाव शेरी, पिंपरी अशा ठिकाणी गेली आहेत. उपासनेला येण्यासाठी दीड तासाचा प्रवास करणाऱ्याला प्रीतिभोजनासाठी संध्याकाळपर्यंत थांबा म्हणणे जड आहे. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी उपासनेत ती बसतात, पण ‘उपकारस्तुती’ किंवा ‘पापांगीकार’ असा शब्द आला की आईकडे पाहतात. त्यांच्यासाठी इंग्रजी उपासना असावी, याला माझा विरोध नाही. विरोध एवढ्यालाच आहे की धर्मप्रांताच्या मेळाव्यातही मग इंग्रजी बँडला अर्धा तास मिळतो आणि टाळ-पेटीला एक कडवे. मराठी भजने आम्हांला कोणी परदेशातून आणून दिली नाहीत. त्यांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी लिहिली, ज्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजवले, आणि ज्यांनी १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसू शकत होते. मिशनच्या चौकटीबाहेर जाऊन, सगळ्यांना एका जाजमावर बसवणारी अशी जागा असावी, हा त्यांचा ध्यास होता. १९१९ मध्ये ते गेले, आणि तो दरबार फार काळ टिकला नाही. तरीही आमच्या भागातल्या खेड्यापाड्यांत आजही बायका पेटी घेऊन बसतात आणि त्यांची पदे गातात. त्यांना पुण्यात बोलावून एका कडव्यावर परत पाठवणे हा आपल्याच वारशाचा अव्हेर आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत अजूनही घरोघरी संध्याकाळच्या प्रार्थनासभा होतात, आणि पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे अंधारात गात निघणाऱ्या प्रभातफेऱ्याही काही मंडळ्यांनी टिकवल्या आहेत. तिथे कोणाचा सत्कार होत नाही, आणि तरीही माणसे पहाटे चारला उठून येतात. पदाधिकाऱ्यांनी मेळाव्याचा कार्यक्रम ठरवण्याआधी अशा एखाद्या प्रभातफेरीत सामील होऊन पाहावे.

माझी मागणी मोठी नाही. धर्मप्रांताच्या मेळाव्यात सत्कार असावेतच असे वाटत असेल तर ते उपासनेत नावे घेऊन, प्रार्थना करून, पाच मिनिटांत आटोपता येतील. जेवण सगळ्यांचे एकच असावे, एकाच मंडपात, आणि बिशपसाहेब व पाळक यांनी शेवटच्या पंगतीला बसावे. खेड्यांतल्या मंडळ्यांची भजने सकाळी, सगळे ताजेतवाने असताना, आधी व्हावीत आणि पूर्ण व्हावीत. मेळाव्याची वेळ परतीच्या एसटीचे वेळापत्रक पाहून ठरवावी. ज्यांना मुक्काम करायचा असेल त्यांची सोय शहरातल्या कुटुंबांनी आपापल्या घरी करावी, जशी ती पूर्वी होत असे. माझ्या घरी चार जणींची सोय होईल, हे मी आमच्या पाळकसाहेबांना कळवले आहे.

आपल्यालाही एक विनंती आहे. येत्या सुगीच्या सणाला आपल्या प्रतिनिधीला पुण्यातल्या एखाद्या मंडळीत, आणि जमल्यास तालुक्यातल्या एखाद्या लहान मंडळीतही, अवश्य पाठवावे. त्यासाठी निमंत्रण लागत नाही. लिलाव अंगणात असतो आणि बोली कोणालाही लावता येते. आपल्या वाचकांपैकी ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी उपासना संपण्याच्या सुमारास यावे, आणि जेवणाला थांबावे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व मंडळीची सभासद,
पुणे