चि. भाचीस, एका फॉन्टच्या निमित्ताने

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय, रागावू नकोस. फोनवर आभार मानले असते तर तू "काय गं मावशी" म्हणत विषयच बदलला असतास. शिवाय त्या दोन संध्याकाळी तू जे सांगितलंस, ते माझ्यासारख्या आणखी चार जणांच्या उपयोगी पडेल.

आजोबांच्या कवितांची पुस्तिका मी घरच्या कॉम्प्युटरवर जुळवत होते, हे तुला माहीतच आहे. आतली पानं झाली आणि घोडं अडलं मुखपृष्ठावर. ‘वाऱ्याची वेळ’ हे नाव साध्या अक्षरांत टाकलं, तर ते एखाद्या परिपत्रकाचं शीर्षक वाटत होतं. मला हवं होतं काहीतरी वळणदार, नक्षीचं. आणि फुकट.

पहिल्याच प्रयत्नात मी मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण दाबलं. ते बटण जाहिरातीचं होतं! खाली आलेल्या फाइलचं नाव मी तुला वाचून दाखवलं आणि शेवटी ‘डॉट ईएक्सई’ म्हणाले, तेव्हा तू जी ओरडलीस, ती अजून कानात आहे. "मावशी, हात लावू नकोस, डिलीट कर! फॉन्टच्या फाइलचं शेपूट टीटीएफ नाहीतर ओटीएफ. फॉन्ट बसवायला कुठलाही प्रोग्रॅम चालवावा लागत नाही." बाकी काही विसरेन, हे वाक्य विसरणार नाही.

बसवणं त्यामानाने सोपं निघालं. झिप आधी एक्स्ट्रॅक्ट करायची, आतल्या फाइलवर राइट क्लिक करायचं, इन्स्टॉल म्हणायचं. वर्ड उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडायचं. हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं आणि मी तोच फॉन्ट तीनदा बसवत होते.

खरी गंमत पुढे झाली. यादीत फॉन्ट दिसतोय, मी शीर्षक निवडतेय, फॉन्टच्या नावावर क्लिक करतेय, आणि अक्षरं ढिम्म हलत नाहीत. मला वाटलं कॉम्प्युटरच बिघडला. तू म्हणालीस, "तिथे इंग्रजीत काहीही टाइप कर." केलं, तर वेलबुट्टीची सुंदर रोमन अक्षरं उमटली. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच. जे अक्षर फॉन्टमध्ये नसतं, ते कॉम्प्युटर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. माझं शीर्षक इतका वेळ ‘मंगल’ या साध्या देवनागरी फॉन्टमध्येच बसून होतं. (त्या मंगलला नाकं मुरडू नकोस म्हणालीस, तो सुलेखनकार र. कृ. जोशींनी रेखाटलाय. तेव्हापासून मीही जरा आदराने बघते त्याच्याकडे.)

मग मी हट्टाने एक जुना मराठी फॉन्ट शोधला. दिसायला देखणा. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेलं शीर्षक त्यात जाईना, सगळं नव्याने टाइप करावं लागलं. तेही केलं. मग तू सांगितलंस म्हणून त्याच ओळीला मंगल लावला, आणि ‘वाऱ्याची वेळ’च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा कचरा पसरला. युनिकोडमध्ये ‘व’ला ०९३५ हा स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कुठलाही असो, ‘व’ तो ‘व’च. त्या जुन्या फॉन्टात मात्र इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली. फॉन्ट काढला की चित्रं गेली, खुर्च्या उरल्या. ही खुर्च्यांची उपमा तुझीच आहे, मी ती आता सगळीकडे खपवते.

त्यानंतर तू जी परीक्षा घ्यायला शिकवलीस ती मला सगळ्यात आवडली. फॉन्टच्या नमुन्यात दाखवलेल्या शब्दांवर भाळायचं नाही, आपले शब्द त्यात घालून बघायचे. आपल्याला ‘वाऱ्या’ हवा होता. काही फॉन्टांत त्या ‘ऱ्या’चं पार कडबोळं झालं, र वेगळा, पाय मोडलेला, य वेगळा. ‘ळ’ आहे का, हे पाहिलं. आजोबांच्या एका कवितेचं नाव ‘ॲल्बम’, तर एका फॉन्टने ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दाखवली. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टांत ते नसतं, असं तू म्हणालीस. आजोबांनी तर कविता त्याच्या कितीतरी आधी लिहिली होती!

शेवटी ‘रोझा वन’ ठरला. इंडियन टाइप फाउंड्रीचा, जाड रेघा ठसठशीत आणि बारीक रेघा केसासारख्या. मी इतकी हरखले की सगळ्या कविता त्यातच टाकल्या, १२ पॉइंटात. तू काहीच बोलली नाहीस. फक्त म्हणालीस, "एक पान छापून बघ." छापलं. केसासारख्या रेघा कागदावर जवळजवळ नाहीशाच झाल्या होत्या, आणि चार ओळी वाचेपर्यंत माझे डोळे शिणले. निमूटपणे आतलं सगळं पुन्हा साध्या फॉन्टात केलं. नक्षी फक्त मुखपृष्ठावर, ४८ पॉइंटात. तिथेही ‘वेळ’ची मात्रा वरून कापली जात होती. ओळींमधलं अंतर मी ‘एक्झॅक्टली’वर बांधून ठेवलं होतं, ते तू सोडवलंस आणि मात्रा वर आली.

झिपमध्ये आलेली ‘ओएफएल’ नावाची टेक्स्ट फाइल मी कचऱ्यात टाकली होती, ती तू परत काढायला लावलीस. फुकट म्हणजे कशासाठीही वापरा असं नसतं, काही फॉन्ट फक्त खाजगी वापरासाठी असतात, हे मला कुठे माहीत? ओएफएल म्हणजे ओपन फॉन्ट लायसन्स, त्याखाली पुस्तक छापा, विका, सगळं चालतं. नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही. आपण पुस्तिका विकणार नाही, तरी मन निश्चिंत झालं.

आणि हो, छपाईला वर्डची फाइल पाठवली तेव्हा पहिल्या नमुन्यात मुखपृष्ठ पुन्हा परिपत्रकासारखं होऊन आलं. त्यांच्याकडे तो फॉन्टच नव्हता. रात्री अकराला तुला उठवलं, तू जांभई देत "पीडीएफ कर, फॉन्ट आतच जातो" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

पुस्तिका आली आहे, तुझी प्रत वेगळी काढून ठेवलीय. दुसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत फॉन्टचं आणि तो करणाऱ्यांचं नाव टाकलंय. तिथेच तुझंही टाकणार होते, पण तू शपथ घातलीस. म्हणून हे पत्र.

तुझी,
मावशी