विडियाची टिप आणि पुतणीचा कॉम्प्युटर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'हात काळे न करता नुसतं कॉम्प्युटरवर संशोधन कसलं?' असं हल्ली शिकलेली माणसंही बोलतात. मी भोसरीला ३१ वर्षं लेथ चालवली आहे. मला हे बोलणं पटत नाही, म्हणून लिहितो.

माझी पुतणी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रचंड दाबाखाली टंगस्टन कार्बाइड कसं वागतं, हा तिचा प्रकल्प. टंगस्टन कार्बाइड म्हणजे आमची विडिया, लेथवर धातू कापणारी टिप! बीडाच्या जॉबची, म्हणजे कापायच्या ओतीव तुकड्याची, कडक साल काढायची तर तीच हवी. मी तिला माझा जुना प्रश्न विचारला: विडिया एवढी कडक, मग जरा झटका बसला की धारेची कपची का उडते?

ती मला स्क्रीनसमोर घेऊन बसली. अणूंची मांडणी घ्यायची, घनफळ थोडंथोडं कमी करत न्यायचं आणि दर वेळी ऊर्जा किती वाढली ते काढायचं. त्यावरून पदार्थ दबायला किती विरोध करतो ते कळतं. विडियाचा हा विरोध लोखंडाच्या दुपटीहून जास्त आहे. पण न दबणारा पदार्थ कडक असेलच असं नाही. ऑस्मियम धातू दबायला जवळजवळ हिऱ्याइतकाच विरोध करतो, तरी कडकपणात हिऱ्याच्या आसपासही नाही, कारण त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. कार्बाइडमध्ये धातू आणि कार्बन यांचे बंध ठरावीक दिशांनीच घट्ट असतात, थरांना सहज सरकू देत नाहीत. म्हणून टिप लवकर झिजत नाही, आणि म्हणूनच झटका पचवता न येऊन तडकते. इतकी वर्षं फोरमन 'फीड कमी कर', म्हणजे दर फेऱ्याला टिप कमी पुढे सरकव, एवढंच सांगत आले. कारण मला त्या दिवशी कळलं.

प्रचंड दाब म्हणजे किती? पृथ्वीच्या केंद्राशी दाब सुमारे ३६० गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या ३५ लाख पट. हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये कणभर नमुना धरून तेवढा दाब देता येतो, पण तो प्रयोग फार खर्चाचा आणि नाजूक. कोणतं कार्बाइड आधी तपासावं हे हिशेबाने ठरलं तर पैसा वाचतो. आणि १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक घडवणाऱ्या पुण्यात कॉम्प्युटरच्या हिशेबाला कमी लेखावं, याचं वाईट वाटतं.

मात्र तिच्या हिशेबातला स्फटिक निर्दोष असतो आणि तापमान उणे २७३ अंश. आमची टिप म्हणजे कोबाल्टने बांधलेले कार्बाइडचे दाणे, आणि कट चालू असताना धार शेकडो अंशांनी तापते. हे अंतर विद्यार्थ्यांनी टूलरूममध्ये येऊन बघायला हवं. विद्यापीठ आणि एमआयडीसी यांच्यात तेवढं जाणं-येणं का नसावं? फुटलेल्या टिपा आज किलोवर भंगारात जातात. मी डबाभर जपून ठेवल्या आहेत. कोणत्या मशीनवर, कोणत्या धातूवर, किती फीडला फुटली, याची चिठ्ठी प्रत्येकीला बांधलेली आहे. अभ्यासासाठी मागणाऱ्या विद्यार्थ्याला त्या मी आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त टर्नर, भोसरी, पुणे