स्कोअर वाढला, पण टाच टेकली का?

संपादक महोदय,
स.न.

दिव्यांग मुलांच्या उपचारासाठी हालचालींवर चालणारे व्हिडिओ गेम घ्यायचे, अशी मागणी आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ लागली आहे. कल्पना चांगली आहे. सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला इजा झाल्याने हालचाल आणि तोल बिघडणं) असलेलं मूल दहाव्यांदा हात वर करायला कंटाळतं, पण पडद्यावरचे फुगे फोडायचे म्हटलं की तीच हालचाल चाळीस वेळा करतं. नेहमीच्या फिजिओथेरपीला जोड म्हणून तोल सुधारायला याचा थोडाफार उपयोग होतो. थेरपीच्या ऐवजी मात्र नाही.

कोटेशनमध्ये ‘किनेक्ट’ (शरीराची हालचाल टिपणारा मायक्रोसॉफ्टचा सेन्सर) असेल तर ते आधी खोडा. त्याचं उत्पादन 2017 मध्येच थांबलं, पुढे जोडणीचा अॅडॉप्टरही बंद झाला. आता मिळतो तो जुना माल, आणि बिघडला की सुटे भाग नाहीत. त्यापेक्षा साधा लॅपटॉप, वेबकॅम आणि इंटरनेटशिवाय चालणारे गेम बरे. जुना किनेक्ट हाताशी असेलच तर जरूर वापरा, पण तो इन्फ्रारेडवर चालतो. पश्चिमेच्या खिडकीतून आपल्याकडचं दुपारचं ऊन आत आलं की मुलाचा हात स्थिर असूनही पडद्यावरचा फडफडतो. खिडकीला जाड पडदा लावा, ट्यूबलाइट चालू ठेवा, मुलाला सेन्सरपासून दोन ते अडीच मीटरवर उभं करा. आधार देणारा बाजूला उभा राहिला तर सेन्सर त्याचेच पाय मोजतो, म्हणून त्याने मुलाच्या मागे गुडघ्यावर बसून कंबर धरावी.

खरी गोम पुढे आहे. गेमला फक्त हात कुठे पोहोचला ते कळतं, कसा पोहोचला ते नाही. मूल खांदा उचलतं, धड वाकवतं आणि गुण मिळवतं. हातातल्या रिमोटवर टेनिस असेल तर नुसतं मनगट झटकूनही चेंडू जातो. म्हणून बसून खेळताना धड खुर्चीला रुंद पट्ट्याने बांधा आणि रिमोट कमजोर हाताला द्या. उभ्याने खेळताना दोन्ही पायांखाली एकसारखे दोन वजनकाटे ठेवून बघा: 24 किलोच्या मुलाचे 17 किलो चांगल्या पायावर आणि 7 दुसऱ्यावर असतील, तर स्कोअर कितीही येवो, व्यायाम चांगल्याच पायाला होतोय. एएफओ (घोट्याला आणि पावलाला आधार देणारा पट्टा) घालायचा की काढायचा, हेही थेरपिस्टनेच ठरवावं.

या मुलांत फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं. आधी विचारा, भगभगणारे गेम टाळा, अंधारात खेळवू नका. पाच मिनिटं स्ट्रेचिंग, मग मध्ये विश्रांती देत वीस-पंचवीस मिनिटं खेळ, आठवड्यातून तीनदा. एवढं पुरे.

आणि बीड, धारूर, केजकडच्या ऊसतोड कुटुंबांचं काय? दिवाळीनंतर मूल आईबापांबरोबर फडावर जातं. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, ना वीज ना पडदा. चार-पाच महिन्यांच्या खंडात पोटरी आखडते आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. त्यामुळे गेम निवडतानाच त्यातल्या हालचाली घरच्या भाषेत कार्डावर उतरवल्या पाहिजेत: बांबूला रुमाल बांधून कमजोर हाताने ओढणं, खडूच्या रेघेवर पाय रोवून बाजूला वाकणं, आईने गुडघा सरळ धरून पाऊल वर दाबत तीस आकडे मोजणं, सकाळ-संध्याकाळ पाच वेळा. हे कार्ड मुकादमाची गाडी निघण्याआधी, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात) आईकडून एकदा करून घेऊन द्यावं. त्यावर ठळक अक्षरांत एवढं हवंच: टाच टेकेनाशी झाली तर गुढीपाडव्याला गावी परतण्याची वाट न पाहता जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.

– मुलांच्या पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट, मराठवाडा