एक प्यादं कमी

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून मन खट्टू झालं. तुमच्या बुद्धिबळ क्लबात रेटिंगवाली (स्पर्धांतून ताकदीचा आकडा मिळवलेली) पोरं आपसातच खेळतात, आणि बँकेतून, शाळेतून सुटून येणारे जुने लोक भिंतीशी बसून बघत राहतात, मग हळूहळू यायचेच बंद होतात. पोरांना त्यांच्याशी खेळून काही मिळत नाही आणि त्यांना पोरांकडून रोज हरायचं नाही. दोघांचंही खरं आहे. सांगलीसारख्या गावात, जिथं पाडसळगीकरांनी घरोघर बुद्धिबळ पोचवलं, तिथं हे व्हावं याचं जास्त वाईट वाटतं.

गेले काही महिने मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लिश क्लबांबद्दल जमेल ते वाचतोय. तुझी अडचण त्यांनाही होती, आणि त्यांनी तिच्यावर जी वाट काढली ती मला इतकी आवडली आहे की ती तुला सविस्तर कळवल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांबेल. सवडीनं वाच.

त्यांच्याकडे हँडिकॅप स्पर्धा असायच्या, म्हणजे बलवानानं दुबळ्याला आधीच ठरलेली सूट देऊन खेळायच्या. लंडनच्या सिटी ऑफ लंडन चेस क्लबची (स्थापना १८५२) हिवाळी हँडिकॅप तर फार मानाची. सेंट जॉर्जेस क्लब उमराव-सरदारांचा आणि महागडा. हा सिटीचा क्लब व्यापारी, कारकून, दिवसभर पेढीवर राबणाऱ्या माणसांचा. थंडी पडली की संध्याकाळी कामं आटोपून ही माणसं पटावर जमायची. नाव नोंदवलं की क्लबची समिती तुमचा वर्ग ठरवणार. सर्वसाधारण रीत अशी होती : पहिल्या वर्गातल्यानं दुसऱ्या वर्गातल्याला ‘प्यादं आणि चाल’ द्यायची, तिसऱ्याला ‘प्यादं आणि दोन चाली’ (सुरुवातीला सलग दोन चाली समोरच्याच्या), चौथ्याला घोडा, पाचव्याला हत्ती, म्हणजे आपलं ते मोहरं काढून ठेवून खेळायचं. दुसऱ्या वर्गातल्यानं तिसऱ्याला प्यादं आणि चाल, चौथ्याला प्यादं आणि दोन चाली, असंच खाली उतरत जायचं. एका वर्गातले दोघे समोर आले की बिनसुटीचा डाव. बक्षीस मात्र सगळ्यांना मिळून एकच. हत्तीची सूट घेऊन खेळणारा कारकून आणि ज्याचे डाव वर्तमानपत्रात छापून येतात असा खेळाडू, दोघेही त्याच पहिल्या बक्षिसासाठी बसायचे, आणि दोघांनाही ते मिळण्याची खरीखुरी शक्यता असायची.

आपण लहानपणी ‘जा, वजीर काढून खेळतो’ म्हणायचो, त्यात समोरच्याला खिजवण्याचा भाग असायचा. इथं तसं काही नाही. सूट समितीनं ठरवलेली, लिखित, सगळ्यांना लागू. देणाऱ्यानं उपकार करायचा नाही आणि घेणाऱ्यानं लाजायचं नाही. हंगामात जिंकत गेलात तर पुढच्या वेळी समिती तुम्हाला वर चढवणार. काल घोडा घेत होतात, आता प्यादं आणि दोन चालींवर भागवा. माणसाची प्रगती मोजायची ही फार मानाची रीत वाटते मला. आकडा वाढत नाही, घ्यायची मदत कमी होत जाते.

आता खुद्द पटावर काय होतं ते बघ. इथं तुला मजा येईल.

‘प्यादं’ म्हणजे कुठलंही प्यादं नव्हे. देणारा काळी मोहरी घेतो आणि राजाच्या उंटापुढचं, म्हणजे एफ-७ वरचं प्यादं पटावरून काढतो. पहिली चाल अर्थातच समोरच्याची. ते घर सुरुवातीला फक्त राजाच्या राखणीत असतं, आणि तिथलं प्यादं गेलं की राजाकडे येणारा तिरका रस्ता उघडा पडतो. वजीर एच-५ वर आला की सरळ शह. म्हणून तर ‘प्यादं आणि दोन चाली’ देताना अट असायची की त्या दोन चालींत कुठलंही मोहरं पटाचा मध्य ओलांडून पलीकडे जाता कामा नये. नाहीतर काळ्यानं एकही चाल करण्याआधीच पांढरा शह देऊन मोकळा. अटीत राहून पांढरा ई-४, डी-४ करतो, मधली चारही घरं त्याच्या धाकाखाली येतात, आणि काळ्यानं अजून हातसुद्धा उचललेला नाही. काळ्याला या बदल्यात एकच गोष्ट मिळते. किल्लेकोट (राजा बाजूला सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे आणायची एकत्र चाल) झाला की त्याच्या हत्तीपुढची एफ पट्टी अर्धी मोकळी असते. हत्ती तिथून दाब देतो, आणि जाणता खेळाडू पुढचा सगळा डाव त्या पट्टीभोवती बांधतो.

घोडा किंवा हत्ती द्यायचा तेव्हा सगळं उलट. देणारा पांढरी घेतो, पहिली चाल त्याची, आणि वजिराच्या बाजूचा घोडा किंवा हत्ती काढून ठेवतो. काही नियमावल्यांत तर हत्ती दिलेल्या बाजूलाही किल्लेकोटाची परवानगी होती. हत्ती नाहीच, पण राजानं आपल्या जागी जाऊन बसायचं!

या दोन प्रकारांतला फरक माझ्या डोक्यातून जात नाही. लहान सूट दुबळ्याला हल्ला देते : मोहऱ्यांत जेमतेम एका प्याद्याचा फरक, पण वेळ आणि उघडा राजा त्याच्या बाजूला. मोठी सूट दुबळ्याला मोहरं देते आणि हल्ला बलवानाच्या हातात ठेवते. घोडा घेतलेल्या माणसाची परीक्षा वेगळीच असते. त्यानं घाबरायचं नाही, मोहऱ्यांची अदलाबदल करत जायचं, आणि शेवटाकडे पोचायचं, जिथं एक घोडा जास्त असणं निर्णायक ठरतं. देणारा ते होऊ देत नाही. तो पट पेटता ठेवतो, इव्हान्स गँबिटसारखे डाव खेळतो, आणखी एक प्यादं हसत फेकतो, आणि समोरच्याला विचाराला उसंत देत नाही. म्हणजे प्रत्येक वर्गात माणूस बुद्धिबळाचा निराळा धडा गिरवतो. पाचव्यात बचाव आणि अदलाबदल, तिसऱ्यात पुढाकार घेऊन तो टिकवणं, पहिल्यात तुटपुंज्या मोहऱ्यांवर डाव उभा करणं. तुझ्या पोरांना हे तिन्ही कोण शिकवतं? पहिल्या बारा-पंधरा चाली पाठ करून घेणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. एफ-७ नसेल तर त्यातलं पुष्कळसं पाठांतर तिसऱ्या-चौथ्या चालीला निरुपयोगी होतं आणि पोराला पटाकडे बघावंच लागतं.

एका माणसाची गोष्ट सांगतो. जॉन ओवेन नावाचा एक पाद्री होता. अमेरिकेचा पॉल मॉर्फी १८५८ मध्ये लंडनला आला तेव्हा एका बिनसुटीच्या डावात ओवेननं त्याला हरवलं. मग दोघांचा सामना ठरला, आणि त्यात मॉर्फीनं त्याला प्यादं आणि चाल दिली. विचार कर, ज्यानं तुला हरवलं त्याला सूट द्यायची! मॉर्फी पाच डाव जिंकला, दोन बरोबरीत सुटले, ओवेनला एकही नाही. असं झाल्यावर एखाद्यानं पट गुंडाळून ठेवला असता. ओवेन खेळत राहिला. चार वर्षांनी, १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो तिसरा आला. पुढं जगज्जेता झालेला स्टाइनिट्झ त्याच्या खाली होता. आणि ती स्पर्धा जिंकणाऱ्या अँडरसनला त्या स्पर्धेत हरवणारा एकटा ओवेन! सूट घेतल्यानं माणूस लहान होत नाही, याचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

मॉर्फी पुढं अमेरिकेत परतल्यावर त्यानं जाहीर करून टाकलं की आता प्यादं आणि चाल दिल्याशिवाय आपण कुणाशी खेळणार नाही. त्याच्या आधी फ्रान्समध्ये देशापेलही असाच. प्यादं आणि दोन चाली देऊनच बसायचा. याच देशापेलनं १८२१ मध्ये पॅरिसजवळ सँ-क्लूला जॉन कॉक्रेन नावाच्या इंग्रजाला तेवढी सूट देऊन हरवलं. हा कॉक्रेन पुढं वकिलीसाठी कलकत्त्याला आला. तिथं त्याची गाठ महेशचंद्र बॅनर्जी या खेडेगावातून आलेल्या, देशी पद्धतीवर तयार झालेल्या खेळाडूशी पडली. १८४८ पासून दोघं पुष्कळ डाव खेळले. प्यादं एकच घर पुढं टाकून उंट कोपऱ्यात बसवायची महेशचंद्रांची पद्धत तेव्हाच्या युरोपला विचित्र वाटत होती. आज ज्या बचावांना जगभर ‘इंडियन’ म्हणतात त्यांच्या नावामागे ही माणसं आहेत. कॉक्रेन सूट घेऊन हरण्याची चव घेतलेला खेळाडू होता. म्हणूनच परक्या रीतीनं खेळणाऱ्या माणसासमोर तो इतकी वर्षं गोडीनं बसला असावा, असं मला मनापासून वाटतं.

क्लबांतल्या या सुटीचं मूळ कॉफीहाउसांत आहे. स्ट्रँड रस्त्यावरच्या सिम्प्सन्स दिवाणमध्ये व्यवसायानं खेळणारे बसलेले असायचे, आणि येणारा गिऱ्हाईक शिलिंगाची पैज लावून खेळायचा. हरणं ठरलेलंच असेल तर दुसऱ्या दिवशी शिलिंग घेऊन कोण येईल? त्यामुळे सूट इतकी नेमकी द्यावी लागे की डावाचा निकाल खरोखर अधांतरी राहावा. क्लबांनी पैजेतून ही अक्कल उचलली आणि तिची स्पर्धा केली. हॉवर्ड स्टाँटन या इंग्लिश खेळाडूच्या १८४९ च्या पुस्तकाचा मोठा भाग सूट देऊन खेळलेल्या डावांचा आहे, यावरून हा प्रकार किती रुळलेला होता ते लक्षात येईल.

तेव्हाच्या पुस्तकांत सुटीचे आणखीही प्रकार आहेत. त्यातल्या एकात बलवान खेळाडू आपल्या एका प्याद्यावर खूण करतो आणि मात त्याच प्याद्यानं देईन म्हणून बांधून घेतो. ते प्यादं मेलं तर डाव गेला, त्याचा वजीरही करायचा नाही. वाचताना मला एकदम आपल्याकडची प्यादेमात आठवली. प्याद्यानं मात देणं म्हणजे शान, हे आपल्या जुन्या खेळणाऱ्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मग हे गेलं कुठं? दोन गोष्टींनी ते मागं पडलं असं मला वाटतं. एक स्विस पद्धत. ती १८९५ मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरली गेली. तिच्यात हरणारा हरणाऱ्यासमोर येतो, जिंकणारा जिंकणाऱ्यासमोर, त्यामुळे सुटीची गरजच उरत नाही. दुसरी गोष्ट एलो यांचं रेटिंग, जे जागतिक संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारलं. दोन्ही उत्तम आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण दोन्ही माणसांना पातळीप्रमाणे वेगळं करतात. हँडिकॅप त्यांना समोरासमोर आणायची. शिवाय ती पार संपलेली नाही. २००१ मध्ये कास्पारोव्हनं लंडनमध्ये टेरेन्स चॅपमन या हौशी खेळाडूला दोन-दोन प्यादी देऊन चार डाव खेळले आणि अडीच-दीडनं जिंकला, म्हणजे हौशी माणसानंही दीड गुण काढलाच. २०१६ मध्ये कोमोडो या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामनं अमेरिकेचा ग्रँडमास्टर नाकामुरा याला वेगवेगळी सूट देऊन चार डाव खेळले, तेव्हाही एफ-७ चं प्यादं काढलं गेलं होतं. माणसाला यंत्राशी बरोबरीनं बसायचं असेल तर तीच जुनी वाट.

म्हणून सांगतो, दिवाळीनंतर क्लबात एक हँडिकॅप घे. चार वर्ग पुरेत. वर्ग ठरवताना रेटिंग बघ, पण त्यावर विसंबू नकोस. तू, देसाईसर आणि एखादं मोठं पोर, असे तिघं बसून ठरवा. रेटिंगसाठी हे डाव धरले जाणार नाहीत, ते पालकांना आधीच स्पष्ट सांग, काही जण नाराज होतील, होऊ देत. घड्याळं लाव, पण अर्ध्या तासाहून कमी वेळ नको. घोडा घेतलेल्या माणसाला विचाराला वेळ हवा. आणि एक कृपा कर : वरच्या वर्गातल्या पोरांना सुरुवातीलाच सांग की सूट देऊन हरण्यात कमीपणा नाही. त्यांना हे सांगणारं कुणी भेटलेलं नसतं. भिंतीशी बसणाऱ्यांना फोन मात्र तू स्वतः कर. सूचनाफलक वाचून ते येणार नाहीत.

बाकी इकडे ठीक. वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद. आईच्या गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर ते कळव.

आणि एक. आपल्या दोघांत वरचा वर्ग तुझा, यात वाद नाही. तेव्हा पट मांड, काळी घे आणि एफ-७ चं प्यादं डब्यात ठेव. माझी पहिली चाल ई-४. तुझी पुढच्या पत्रात लिही.

तुझा,
अविनाश